दरवाजा आहे, तट कुठाय?

भारतातून आईवडील आले की त्यांना कुठे कुठे न्यायचे, याची यादी आपल्या सगळ्यांच्या घरी ठरलेली असते. नायगारा, वॉशिंग्टन आणि नातवंडांच्या हट्टाखातर डिस्ने वर्ल्ड. आमची यादीही काही निराळी नव्हती. आम्ही साउथ कॅरोलायनात चार्ल्स्टनला राहतो. तिथून ऑर्लँडोला जाताना हायवे ९५ ने चार-साडेचार तासांवर सेंट ऑगस्टीन लागते. सौ.ने बरोबर दशम्या आणि लसणाची चटणी घेतली होती, ती खायला बरी जागा हवी म्हणून आम्ही तिथे वळलो. खरे कारण एवढेच. इतिहास वगैरे नंतर सुचलेला.

गाडी लावून सेंट जॉर्ज स्ट्रीटच्या उत्तर टोकाला आलो, तो समोर 'सिटी गेट'. राखाडी दगडाचे दोन चौकोनी खांब, दोन्ही बाजूंना कमरे-छातीएवढ्या भिंतीचा जेमतेम तुकडा, आणि मधून आइस्क्रीम खात येजा करणारे पर्यटक. ज्यांनी रायगडचा महादरवाजा पाहिला आहे त्यांना हे एखाद्या जुन्या बंगल्याचे फाटक वाटावे. बाबा दोन्ही खांबांच्या मध्ये उभे राहिले, डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि म्हणाले, "दरवाजा आहे, पण तट कुठाय?"

बाबांच्या या प्रश्नाला थोडी पार्श्वभूमी आहे. चौतीस वर्षे ते बोरिवलीहून चर्चगेटला लोकलने गेले आणि फोर्टातल्या एका कचेरीत कारकुनी करून परत आले. मी लहानपणी एकदा त्यांना विचारले होते, "बाबा, चर्चगेटचे गेट कुठे आहे?" त्यांनी त्या वेळी काय उत्तर दिले ते आठवत नाही; बहुधा दिलेच नसावे. सेंट ऑगस्टीनला माझीही तीच गत झाली. हातात माहितीपत्रक होते, पण सांगता काही येईना. घरी परतल्यावर मात्र वाचनालयात बसलो. पुढे जे लिहितो आहे ते बाबांना द्यायला उशीर झालेले उत्तर आहे. ते थोडे लांबले आहे.

स्पॅनिश शहर म्हटले की तटबंदी आलीच. स्पेनमध्ये आव्हिला नावाचे गाव आहे. अकराव्या-बाराव्या शतकात बांधलेला त्याचा सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा तट आजही अखंड उभा आहे. अर्धगोल बुरूज अठ्ठ्याऐंशीच्या घरात, दरवाजे नऊ. त्या काळी तट उंच असणे महत्त्वाचे, कारण शत्रू शिड्या लावून येणार. दरवाजा हा शहराचा घसाही होता. माल तिथून येणार, जकात तिथेच घेतली जाणार, रात्री अडसर पडला की उशिरा आलेला बाहेर. आपल्याकडच्या वेशीचे सारे व्यवहार तिथेही चालत.

पुढे तोफा आल्या आणि उंच भिंत हीच अडचण झाली. दुरून नेम धरायला सोपी आणि एकदा फुटली की स्वतःच्याच दगडांनी खंदक भरून टाकणारी. म्हणून सोळाव्या शतकात इटलीतल्या आणि मग साऱ्या युरोपातल्या स्थापतींनी तट बुटके आणि जाड केले, अर्धगोल बुरूज टाकून बाणाच्या टोकासारखे त्रिकोणी बुरूज बांधले. अशा बुरुजाच्या बाजूने शेजारच्या भिंतीच्या पायथ्यावर मारा करता येतो, त्यामुळे शत्रूला दडायला कोनाडा उरत नाही. पोर्तुगीजांनी वसईला बांधलेले दहा बुरूज याच जातीचे. तिथे सहलीला गेलेल्यांनी ते कोन पाहिले असतील, मात्र ते तसे का याकडे कुणी लक्ष दिले नसेल. सेंट ऑगस्टीनचा 'कास्तिलो दे सान मार्कोस' हा किल्ला म्हणजे त्याचीच धाकटी, चार बुरुजांची आवृत्ती.

हे गाव वसवले पेद्रो मेनेंदेस दे आविलेस याने. सेंट ऑगस्टीनच्या सणाच्या दिवशी, २८ ऑगस्ट १५६५ रोजी, त्याला हा किनारा दिसला, म्हणून गावाला ते नाव. ८ सप्टेंबरला तो उतरला. म्हणजे प्लिमथला यात्रेकरू येण्याच्या ५५ वर्षे आधी. (थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर ही माहिती सांगून पाहा, न्यू इंग्लंडवाले पाहुणे विषय बदलतात.) पण त्या गावाला तट नव्हता. शंभर वर्षांत एकामागून एक नऊ किल्ले झाले, सगळे लाकडाचे. कुठला सडला, कुठला वादळात गेला, कुठला जाळला गेला. १५८६ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने अख्खे गाव जाळले, तेव्हाही दगडी किल्ल्याचा निर्णय झाला नाही. खर्च कोण करणार? माद्रिद दूर होते.

१६६८ मध्ये रॉबर्ट सर्ल नावाचा इंग्रज चाचा रात्री उतरला. सुमारे साठ माणसे मारली गेली, गाव लुटले गेले. पण या खेपेस त्याने गाव जाळले नाही आणि नेमकी तीच गोष्ट लोकांच्या मनात बसली. जाळले नाही, म्हणजे पुन्हा येणार. दोनच वर्षांनी, १६७० मध्ये, इंग्रजांनी उत्तरेला चार्ल्स टाउन वसवले, म्हणजे आमचे चार्ल्स्टन. राणी मारियानाने सर्लच्या लुटीनंतर पैसे मंजूर केले होतेच. हवानाहून इग्नासिओ दासा हा स्थापती आला आणि २ ऑक्टोबर १६७२ रोजी पायाची पहिली कुदळ पडली. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला तेव्हा पावणेदोन वर्षे होती आणि मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग उभा राहून काही वर्षे झाली होती. कास्तिलो पुरा व्हायला मात्र १६९५ साल उजाडले. तेवीस वर्षे! कधी पैसा नाही, कधी धान्य नाही, कधी गवर्नर बदलला. सरकारी कामाचा हा वेग पाहून बाबांना घरच्यासारखे वाटले.

दगड कुणी फोडला आणि वाहिला? ग्वाले, तिमुक्वा आणि अपालाची या मूळ रहिवाशांनी. मिशनच्या गावांतून त्यांना पाळीपाळीने वेठीला आणत. दिवसाला एक रेआल आणि मक्याचा शिधा, एवढे मोल. हवानाहून आलेले पाथरवट, कैदी आणि राजाच्या मालकीचे आफ्रिकी गुलामही होते. माहितीपत्रकात दासाचे नाव ठळक होते. या माणसांची नावे तिथे नव्हती. आपल्या किल्ल्यांच्या पुस्तकांतही बेलदार-पाथरवटांची नावे नसतात, त्यामुळे मी फार बोलणार नाही.

आता त्या दगडाबद्दल, कारण मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि मला राहवत नाही. समोरच्या अनास्तासिया बेटावर 'कोकीना' नावाचा दगड मिळतो. दगड कसला, समुद्रातल्या बारीक शिंपल्यांचा हजारो वर्षांत चिकटून झालेला थर. खाणीतून काढताना ओला आणि इतका मऊ की कुऱ्हाडीने तासता येतो. मग वर्ष-दीड वर्ष उन्हात वाळवायचा. चुनासुद्धा कालवांचे शिंपले भाजून केलेला. अशा भुसभुशीत मालाचा किल्ला बांधायला आज कुणी परवानगी मागितली तर मी सही करणार नाही. त्यांच्याकडेही दुसरा दगड नव्हता म्हणून त्यांनी बांधला. भिंती तेहतीस फूट उंच, जमिनीकडे बारा फूट आणि बंदराकडे एकोणीस फूट जाड. आणि मग असे दिसून आले की तोफेचा गोळा लागला तर हा दगड फुटत नाही. गोळ्याखालचे शिंपले चुरडतात, पोकळ जागा दबतात, गोळ्याचा जोर त्यातच जिरतो आणि तो भिंतीत रुतून बसतो. ओल्या मातीत गोटी रुतावी तसा. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण कितीतरी कणखर, पण घाव बसला की त्याला तडा जातो आणि तडा पुढे धावतो. फ्लोरिडा विद्यापीठातल्या अभियंत्यांनी अलीकडे प्रयोगशाळेत कोकीनावर मारा करून हे तपासले आहे. सतराव्या शतकातल्या गवंड्याला ते माहीत असण्याचे कारण नव्हते.

पहिली परीक्षा १७०२ साली झाली. कॅरोलायनाचा गव्हर्नर जेम्स मूर आमच्या गावाहून फौज घेऊन गेला. दीड हजारांच्या आसपास माणसे, बायकामुले आणि सैनिक सारे मिळून, त्या एवढ्याशा किल्ल्यात शिरली. खंदक कोरडाच असे. त्यात गुरे बांधली. पन्नासेक दिवस वेढा चालला. मूरच्या तोफा लहान होत्या, मोठ्या आणायला त्याने जमैकाला माणूस पाठवला, तोवर हवानाहून स्पॅनिश जहाजे आली. मूरने स्वतःची गलबते जाळली, गाव जाळले आणि तो पायी परत गेला. किल्ला तसाच उभा होता. किल्ल्यावरून लोक आपापली घरे जळताना पाहत होते.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर इथे सुरू होते. किल्ला सैन्याला वाचवतो, गावाला नाही, हे कळायला गाव जळावे लागले. १७०४ पासून गावाभोवती तट उठू लागला. किल्ल्यापासून पश्चिमेला सान सेबास्तियान नदीपर्यंत 'क्यूबो लाइन', उत्तरेला आणखी एक बाहेरची ओळ आणि पुढे पश्चिम-दक्षिणेला 'रोसारिओ लाइन'. यात दगड नावालाच होता. मातीचा बांध, त्याला पाल्मेटो झाडाच्या खोडांचा आधार, पुढे खंदक आणि बांधावर निवडुंग नि काटेरी झुडपे. आपल्याकडे शेताला निवडुंगाची वई घालतात तशी वई, फक्त शहराला. पाल्मेटोचे खोड तंतुमय. गोळा त्यातही जिरतो. आमच्या साउथ कॅरोलायनाच्या झेंड्यावर जे झाड आहे ते हेच. १७७६ मध्ये चार्ल्स्टनच्या तोंडाशी पाल्मेटोच्या ओंडक्यांच्या किल्ल्याने ब्रिटिश आरमाराचे गोळे असेच पचवले, म्हणून ते झेंड्यावर चढले.

वाचता वाचता मला दुसरी एक गोष्ट सापडली आणि तिने मी जास्त चकित झालो. मूर हात हलवत परत आल्यावर चार्ल्स टाउनच्या लोकांना धडकी भरली की आता स्पॅनिश सूड घ्यायला येणार. म्हणून त्यांनीही त्याच सुमारास, १७०३-०४ मध्ये, आपल्या गावाभोवती मातीचा तट आणि खंदक उभारला. म्हणजे एकाच वर्षात, पावणेतीनशे मैलांवरची दोन गावे एकमेकांच्या भीतीने माती उकरत होती. १७०६ मध्ये स्पॅनिश आणि फ्रेंच जहाजे खरेच आली आणि परत गेली. पुढच्या दोनतीन दशकांत चार्ल्स्टन तटाबाहेर वाढले आणि जमिनीकडचा तट पाडून रस्ते झाले. आज जुन्या एक्स्चेंज इमारतीच्या तळघरात त्या तटाच्या 'हाफ मून' बुरुजाचा विटांचा पाया दाखवतात. मी त्या इमारतीवरून रोज गाडीने जात होतो. बाबांच्या चर्चगेटवर हसण्याचा माझा अधिकार त्या दिवशी संपला.

माझी एक समजूत अशी झाली आहे की तट हा पुढच्या हल्ल्यासाठी बांधतात असे आपण म्हणतो, पण तो नेहमी मागच्या हल्ल्याच्या मापाचा असतो. सर्लच्या लुटीतून किल्ला निघाला, मूरच्या आगीतून तट. याचे सर्वांत जवळचे उदाहरण मात्र फ्लोरिडातले नाही. ते मुंबईतले आहे, आणि त्यात हल्ला करणारे आपण आहोत.

साल १७३९. चिमाजी अप्पांचा वसईला वेढा पडलेला. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत लढाई चालली. सेबास्तियन बुरुजाखाली सुरुंग लावून मराठ्यांनी खिंडार पाडले. दोन्हीकडे माणसे फार पडली, आणि पोर्तुगीजांनी मानाने बाहेर पडू देण्याच्या अटीवर किल्ला सोडला. वसईच्या घंटा भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात गेल्या, त्या आजही आहेत. आपण ही गोष्ट इथे थांबवतो, कारण आपल्या दृष्टीने ती इथे संपते. पण खाडीपलीकडे मुंबईचे इंग्रज काय करत होते? गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात, १७१६ च्या सुमारास, मुंबईच्या कोटाचा तट पुरा झाला होता. त्याला तीन दरवाजे: अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट. वसई पडल्याबरोबर तो तट त्यांना तोकडा वाटू लागला. वसईच्या बुरुजांचे जे झाले ते आपलेही होणार, या धास्तीने तटाबाहेर खंदक खणायचा ठरले आणि शहरातल्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजार रुपये वर्गणी दिली. तिकडे कॅप्टन इंचबर्डला चिमाजी अप्पांकडे आणि कॅप्टन गॉर्डनला साताऱ्यास शाहू महाराजांकडे नजराणे घेऊन रवाना केले. एकीकडे कुदळ, एकीकडे नजराणा.

आणि त्याच वेळी, म्हणजे अक्षरशः त्याच वर्ष-दीड वर्षात, हेच इंग्रज सेंट ऑगस्टीनच्या तटाबाहेर उभे होते. १७३९ मध्ये इंग्लंड-स्पेन युद्ध पेटले आणि १७४० च्या जूनमध्ये जॉर्जियाचा संस्थापक जेम्स ओगलथॉर्प याने वेढा घातला. अनास्तासिया बेटावर मोर्चे लावून सत्तावीस दिवस तोफा डागल्या. कोकीनाने गोळे गिळले. वेढा अडतीस दिवस चालला, क्यूबाहून दक्षिणेच्या खाडीतून रसद आत शिरली आणि ओगलथॉर्प माघारी गेला. मुंबईत तटाच्या आतून बाहेर पाहणारा भ्यालेला इंग्रज आणि फ्लोरिडात बाहेरून आत पाहणारा आक्रमक इंग्रज एकाच कालखंडातले, कदाचित एकाच शाळेत शिकलेले. शाळेत आम्हाला यातला पहिला कधी शिकवला नाही, आणि इथल्या शाळेत माझ्या मुलीला दुसराही शिकवलेला नाही.

१७४० च्या त्या वेढ्यात एक प्रसंग असा आहे की तटाची गोष्ट त्याच्याशिवाय अर्धी राहील. सिटी गेटच्या उत्तरेला दोन मैलांवर 'मोसे' नावाची वस्ती होती. कॅरोलायनातल्या मळ्यांवरून पळून आलेल्या आफ्रिकी गुलामांची. कॅथॉलिक होऊन स्पेनची चाकरी पत्करली तर स्वातंत्र्य, असे फर्मान स्पेनच्या राजाने १६९३ मध्ये काढले होते. १७३८ मध्ये गव्हर्नर मोंतियानो याने या लोकांना वेगळे गाव आणि छोटा किल्ला दिला. आज अमेरिका म्हणतो त्या भूमीवरचे हे मुक्त कृष्णवर्णीयांचे पहिले अधिकृत गाव. त्यांचा कप्तान फ्रान्सिस्को मेनेंदेस, आफ्रिकेत जन्मलेला. ओगलथॉर्प आला तेव्हा ही मंडळी कास्तिलोत आली आणि रिकाम्या मोसेत इंग्रजांची तुकडी जाऊन बसली. जूनअखेरीस एका पहाटे स्पॅनिश सैनिक, मूळ रहिवासी आणि मोसेचे लढवय्ये यांनी मिळून तिच्यावर छापा घातला आणि ती कापून काढली. त्यानंतर वेढ्यातला दम गेला.

राजाने त्यांना स्वातंत्र्य दिले हे खरे. पण गाव कुठे दिले ते पाहा. तटाबाहेर. शत्रू उत्तरेकडून येणार हे ठरलेले, आणि त्याच्या वाटेवर पहिले घर यांचे. पहारा यांनी द्यायचा, दरवाजाच्या आत राहायचे दुसऱ्यांनी. हे वाचताना मला 'गावकूस' हा आपला शब्द आठवला. आपल्याकडे गावाला कूस होते, वेस होती, आणि वेशीची राखण करणारा वेसकर हा महार. संध्याकाळी वेस लावायची, परगावच्या माणसाची चौकशी करायची, चोरी झाली तर जाब द्यायचा तो त्याने. त्याचे स्वतःचे घर मात्र गावकुसाबाहेर. मुंबईतही कोट आणि 'बाहेरकोट' होतेच. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे मला म्हणायचे नाही. मोसेच्या माणसाला बंदूक आणि कप्तानपद मिळाले, वेसकराला काय मिळाले ते आपण जाणतो. पण तटाचा इतिहास लिहिताना आपण आत उभे राहून लिहितो, हे माझ्या तोवर ध्यानात आले नव्हते. बाबांना मी हे गाडीत सांगितले तेव्हा ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले आणि मग एवढेच म्हणाले, "आपल्या गावची वेस मी पाहिली आहे. वेसकराचे नाव आठवत नाही."

मोसेची जागा १९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी दलदलीतून शोधून काढली आणि १९९४ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. सिटी गेटपासून गाडीने पाच-सात मिनिटांवर आहे. तिथे फारसे कुणी थांबत नाही.

तर असा हा तट, आणि दोन वेढे पचवणारा किल्ला. तो कधीच कुणी लढून घेतला नाही. तो गेला कागदावर. १७६३ मध्ये पॅरिसच्या तहात स्पेनने हवाना परत मिळवण्यासाठी फ्लोरिडा इंग्रजांना देऊन टाकली. गावातल्या सुमारे तीन हजार माणसांपैकी जवळजवळ सगळी जहाजांवर चढून क्यूबाला गेली. स्पॅनिश कुटुंबे, मोसेचे लोक, उरलेसुरले ख्रिस्ती झालेले मूळ रहिवासी, सारे. दोनशे वर्षांची घरे, विहिरी, संत्र्यांची झाडे मागे राहिली. तट शाबूत, दरवाजा शाबूत, आत माणूस नाही. आपणही घरे मागे ठेवून आलो, पण चावी शेजाऱ्याकडे देऊन आलो. त्यांना मागे शेजारीच उरले नव्हते.

वीस वर्षांनी गाव पुन्हा स्पेनकडे आले. थोडे लोक परतले. नवे अमेरिकन राष्ट्र उत्तरेकडून सरकत होते, म्हणून क्यूबो लाइनचे कुजलेले ओंडके बदलून १८०८ मध्ये कोकीनाचे दोन नवे खांब उभे केले. बाबा ज्यांच्या मध्ये उभे राहिले ते हेच खांब. सगळ्या तटबंदीतला सर्वांत तरुण भाग. त्यांनी कुणाला अडवल्याची नोंद नाही. तेरा वर्षांनी, १८२१ मध्ये, फ्लोरिडा अमेरिकेकडे आली, तीही कागदानेच.

मग तट निरुपयोगी झाला. ओंडके सडले, मातीचे बांध पावसाने बसले, खंदक बुजले, वर घरे झाली. किल्ला मात्र अमेरिकन लष्कराने वापरला, तुरुंग म्हणून. १८७५ ते १८७८ पश्चिमेच्या मैदानी प्रदेशातले शायेन, कायोवा, कोमांची कैदी तिथे होते. त्यांनी वहीच्या पानांवर काढलेली चित्रे आता संग्रहालयांत मानाने लावलेली आहेत. १८८६ मध्ये सुमारे पाचशे अपाची आणले, त्यांत बायका आणि मुले पुष्कळ. किल्ल्याच्या गच्चीवर तंबू ठोकून त्यांना ठेवले. दोनशे वर्षांपूर्वी ज्यांच्या भाईबंदांनी दगड वाहिले त्या भिंती आता बाहेरच्यांना अडवत नव्हत्या.

आज गेटजवळ क्यूबो लाइनचा एक तुकडा दिसतो, ओंडक्यांची रांग आणि खंदक. आम्ही तो जुना समजून फोटो काढले. नंतर कळले की ते ओंडके काँक्रीटचे आहेत, १९६० च्या दशकात साच्यातून ओतलेले. मला थोडी चीड आली, पण विचार केल्यावर गेली. पाल्मेटो दर काही वर्षांनी सडतो. मूळ तटसुद्धा सतत बदलत राहिलेला होता.

आणि चर्चगेट? तो दरवाजा का गेला याचे कारण पुन्हा चार्ल्स्टनला येऊन मिळते. १८६१ च्या एप्रिलमध्ये आमच्या बंदरातल्या फोर्ट सम्टरवर पहिला गोळा पडला आणि यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, कॅरोलायनाचा कापूस मँचेस्टरला पोचेना, आणि वऱ्हाड-खानदेश-गुजरातच्या कापसाला मुंबईत सोन्याचा भाव आला. पैशाचा पूर आलेल्या त्या शहराला तट अंगाला काचू लागला. १८६२ मध्ये गव्हर्नर झालेल्या बार्टल फ्रियरने तट पाडायला घेतला, मोकळ्या जागेचे भूखंड विकले आणि त्या पैशातून नवे रस्ते आणि इमारती काढल्या. चर्च गेट जिथे होते त्या जागेवर १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले. स्टेशन १८७० चे, आणि दरवाजाच्या मूळ जागेपासून बरेच पश्चिमेला. म्हणजे बाबा रोज स्टेशनवरून चालत ऑफिसला जाताना बरोबर त्या नसलेल्या दरवाजातून आत जात होते. मराठ्यांच्या धास्तीने खणलेल्या खंदकावरून, एक मराठी कारकून, डबा घेऊन.

हे सगळे मी त्यांना पत्राने कळवले. महिन्याभराने त्यांचे उत्तर आले. फोर्टात कामाशिवाय जायची पहिलीच वेळ, असे त्यांनी लिहिले होते. फ्लोरा फाउंटनपासून चर्चगेट स्टेशन त्यांनी पावलांनी मोजले, पण मध्ये सिग्नलमुळे मोजणी चुकली. मग व्ही.टी.च्या मागे सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात गेले. तटाला जोडून १७६९ मध्ये बांधलेल्या फोर्ट जॉर्जच्या भिंतीचा एक तुकडा तिथे उरला आहे. भिंतीवर पिंपळ उगवला होता. बाबा हात लावून दगड पाहत होते, तेवढ्यात रखवालदार आला आणि कोणत्या पेशंटला भेटायचे आहे म्हणून विचारू लागला. त्याला भिंतीची गोष्ट सांगितली. त्याने सारी ऐकून घेतली आणि भेटीची वेळ चार ते सहा आहे, असे सांगितले.